महाराष्ट्रातील नेतृत्वाचे वित्तीय मूल्यमापन आणि पक्षीय पूर्वग्रह : एक चिकित्सा

प्रस्तावना

लोकशाहीत नेतृत्वाचे मूल्यमापन अनेक निकषांवर होत असते. त्यांपैकी शासनाचा आकार, अर्थसंकल्पातील तूट आणि राज्यावरील कर्ज हे निकष आकड्यांत मांडता येतात, म्हणून ते वस्तुनिष्ठ मानले जातात. परंतु आकडा वस्तुनिष्ठ असला तरी तो निवडणारा व त्याचा अर्थ लावणारा माणूस तसा असेलच असे नाही. महाराष्ट्रातील गेल्या तीन दशकांच्या वित्तीय टीकेचे अवलोकन केल्यास, एकाच प्रकारच्या खर्चाला सत्तेत असताना 'कल्याण' आणि विरोधात असताना 'उधळपट्टी' म्हणण्याची रीत जवळजवळ सर्व पक्षांत रूढ झाल्याचे दिसते.

या प्रश्नाचा विचार करण्यास शिरपूर हे ठिकाण विशेष उपयुक्त आहे. शिरपूर विधानसभा मतदारसंघातून काशीराम पावरा हे २००९ व २०१४ मध्ये काँग्रेसचे, तर २०१९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून निवडून आले. तालुक्याचे दीर्घकाळ नेतृत्व करणारे अमरीशभाई पटेल यांनीही २०१९ मध्येच काँग्रेसमधून भाजपमध्ये प्रवेश केला. नेतृत्व तेच, तालुका तोच, नाल्यांवरील बंधारे तेच. बदलला तो केवळ झेंडा. अशा वेळी त्याच कामांविषयीचे एखाद्याचे मत बदलले असेल, तर तो बदल कामांमुळे झाला की झेंड्यामुळे, हा प्रश्न टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न राज्याच्या वित्तव्यवहाराच्या संदर्भात तपासला आहे.

पूर्वग्रहाचे स्वरूप

पक्षीय पूर्वग्रह केवळ मतांपुरता मर्यादित नसतो. तो वस्तुस्थितीच्या आकलनातही शिरतो. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ लॅरी बार्टेल्स यांनी १९८८ च्या मतदार सर्वेक्षणाच्या आधारे हे दाखवून दिले आहे. रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत महागाईचा दर १९८० च्या सुमारे साडेतेरा टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आसपास उतरला होता. तरीही कट्टर डेमोक्रॅट मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणांना महागाई वाढली असे वाटत होते. पुढे क्रिस्टोफर एकेन यांच्यासह २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बार्टेल्स यांनी याची दुसरी बाजूही मांडली. बिल क्लिंटन यांच्या पहिल्या कारकिर्दीत संघराज्याची वित्तीय तूट निम्म्याहून कमी झाली होती. परंतु १९९६ मध्ये बहुसंख्य रिपब्लिकन मतदारांच्या समजुतीनुसार ती वाढली होती. म्हणजे हा दोष एका विचारसरणीचा नव्हे.

या संशोधनाला एक महत्त्वाची पुरवणी २०१५ मध्ये मिळाली. जॉन बुलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात बरोबर उत्तराला अल्पसा मोबदला देऊ केला असता दोन्ही पक्षांच्या समर्थकांच्या उत्तरांतील अंतर लक्षणीय घटले. याचा अर्थ असा की, पूर्वग्रह म्हणजे निव्वळ अज्ञान नव्हे. पुष्कळदा माणसाला खरे काय ते ठाऊक असते अथवा निदान त्याला शंका असते. परंतु आपल्या बाजूची पाठराखण करण्याची सवय त्याच्या उत्तरावर मात करते. ही सवय मोडता येते, हा या निष्कर्षाचा आशादायक भाग होय.

कर्जाचा आकडा : एकूण रक्कम की प्रमाण?

महाराष्ट्रात या सवयीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे राज्यावरील कर्जाची चर्चा. मार्च २०१५ अखेर राज्यावरील कर्ज सुमारे २.९४ लाख कोटी रुपये होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पीय अंदाजात ते ९.३२ लाख कोटींवर गेले. 'दशकभरात कर्ज तिपटीहून अधिक झाले' हे विधान त्यामुळे पूर्णतः खरे आहे. परंतु याच काळात राज्याचे स्थूल उत्पन्नही सुमारे १७.८ लाख कोटींवरून ४९.४ लाख कोटींपर्यंत वाढल्याचे वा वाढण्याचे अंदाज आहेत. कर्जाचे राज्य उत्पन्नाशी असलेले प्रमाण सुमारे साडेसोळा टक्क्यांवरून १८.९ टक्क्यांच्या जवळ गेले. 'कर्ज मर्यादेत आहे' हे विधानही म्हणूनच खरे ठरते. २००४-०५ च्या सुमारास हे प्रमाण पाव हिश्शाच्या आसपास होते, हे लक्षात घेतल्यास चित्र आणखी वेगळे दिसते.

विरोधी बाकावरील वक्ता एकूण रक्कम सांगतो आणि सत्ताधारी बाकावरील वक्ता प्रमाण सांगतो, हा आता विधिमंडळाचा अलिखित नियम झाला आहे. २०१४ पूर्वी काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे अर्थमंत्री प्रमाणाचा आधार घेत आणि भाजप-शिवसेनेचे सदस्य एकूण आकडा सांगत. सत्तांतरानंतर वक्ते बदलले, युक्तिवाद मात्र बाकांवरच राहिले. या वादात अधिक महत्त्वाचा प्रश्न बहुधा मागे पडतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखविण्यात आली. याचा अर्थ, कर्जाचा काही भाग धरणे, रस्ते अथवा इमारती यांवर नव्हे, तर रोजच्या खर्चावर जात आहे. कर्ज किती, यापेक्षा ते कशासाठी, हा प्रश्न कोणत्याही सरकारला तितकाच अडचणीचा आहे. कदाचित म्हणूनच तो कमी विचारला जातो.

जबाबदारीच्या वाटणीतही हाच दोष दिसतो. महाराष्ट्रात सत्तांतरे बहुधा वित्तीय वर्षाच्या मध्यावर झाली आहेत : ऑक्टोबर १९९९, ऑक्टोबर २०१४, नोव्हेंबर २०१९ आणि जून २०२२. अशा वर्षातील मार्चअखेरचा आकडा दोन सरकारांचा संयुक्त असतो. शिवाय निर्णय एकाने घ्यायचा आणि बिल दुसऱ्याने भागवायचे, असेही घडते. सातव्या वेतन आयोगाची अंमलबजावणी देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने जानेवारी २०१९ पासून केली. तिचा भार पुढील उद्धव ठाकरे सरकारच्या अर्थसंकल्पांवरही पडला. पाचव्या वेतन आयोगाबाबत १९९९ मध्ये विलासराव देशमुख सरकारची स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती. बिल येण्याची तारीख पाहून नेतृत्वाचा निवाडा करणे ही म्हणूनच मोठी चूक ठरते.

श्वेतपत्रिका आणि सिंचन

श्वेतपत्रिका हे वित्तीय सत्य जनतेसमोर ठेवण्याचे साधन होय. परंतु महाराष्ट्रात ती प्रामुख्याने नव्या सरकारने जुन्या सरकारविषयी काढावयाची पत्रिका झाली आहे. १९९९ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीचे अर्थमंत्री जयंत पाटील यांनी राज्याच्या वित्तीय स्थितीवर श्वेतपत्रिका मांडली. २०१५ मध्ये सुधीर मुनगंटीवार यांनी तेच केले. या दोन्ही पत्रिकांत मौलिक माहिती होती. तथापि स्वतःच्या पाच वर्षांच्या अखेरीस स्वतःविषयी श्वेतपत्रिका काढण्याची प्रथा एकाही पक्षाने पाडली नाही.

२०१२ ची सिंचनविषयक श्वेतपत्रिका या नियमास वरकरणी अपवाद वाटते, कारण ती त्याच सरकारने काढली. परंतु मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण काँग्रेसचे होते आणि जलसंपदा खाते मित्रपक्ष राष्ट्रवादी काँग्रेसकडे होते. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून दशकभरात सिंचित क्षेत्राचे प्रमाण केवळ ०.१ टक्क्याने वाढल्याचे पुढे आले आणि मोठे वादळ उठले. श्वेतपत्रिकेने मात्र वाढ यापेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे सांगितले. निर्मित सिंचनक्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र ही दोन वेगळी परिमाणे आहेत, हे सामान्य वाचकाला समजावून सांगण्याची संधी त्या वादाने दिली होती. प्रत्यक्षात प्रत्येक बाजूने आपल्या सोयीचे परिमाण उचलले. आरोपांचा न्यायनिवाडा हा येथील विषय नाही. परंतु २०१४ च्या निवडणुकीत सिंचनावरील खर्च हा ज्या पक्षाच्या प्रचाराचा प्रमुख मुद्दा होता, त्याच पक्षाच्या आघाडी सरकारात जुलै २०२३ मध्ये त्या काळातील जलसंपदा मंत्री अजित पवार हे अर्थमंत्री झाले आणि तो मुद्दा प्रचारातून ओसरला. खर्चाचे आकडे तेच राहिले. त्यांविषयीचा संताप तेवढा कमी झाला.

जलसंधारणाच्या क्षेत्रात शिरपूरचा संबंध थेट येतो. भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली व अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकाराने २००४ च्या सुमारास येथे नाले रुंद व खोल करून त्यांवर साखळीने सिमेंट बंधारे बांधण्याचे काम सुरू झाले. सुरुवातीला प्रामुख्याने शासनाबाहेरील निधीतून उभे राहिलेले हे काम 'शिरपूर पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखले गेले. तेव्हा त्याचे नेतृत्व काँग्रेसचे होते. पुढे भाजपप्रणीत सरकारच्या 'जलयुक्त शिवार' अभियानात नाला खोलीकरणाला मोठे स्थान मिळाले आणि हा प्रकार राज्याच्या तिजोरीतील खर्चाचा विषय झाला. माथा ते पायथा हे तत्त्व सोडून केलेल्या खोलीकरणावर अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी जनहित याचिकेद्वारे आक्षेप घेतला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालाने, ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करणे व भूजलपातळी वाढविणे ही उद्दिष्टे फारशी साध्य झाली नसल्याचे नमूद केले. त्यानंतर महाविकास आघाडी सरकारने चौकशी लावली आणि पुढील सरकारने २०२२ च्या अखेरीस अभियानाचा दुसरा टप्पा मंजूर केला.

या क्रमात एक मूलभूत प्रश्न अनुत्तरित राहिला. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत उपयुक्त ठरणारी पद्धत कठीण बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात तशीच उपयुक्त ठरेल काय? हा प्रश्न भूशास्त्राचा आहे, पक्षाचा नव्हे. त्याचे उत्तर विहिरींच्या पातळीच्या नोंदींतून मिळावयाचे होते. चर्चा मात्र कोणत्या मुख्यमंत्र्याची योजना, या दिशेने गेली.

कल्याण आणि खैरात

लोकानुनयी खर्चाच्या बाबतीत भूमिकांची अदलाबदल इतकी वेगाने होते की तिचा क्रम लावणेही उद्बोधक ठरते. २००४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली. शिवसेनेनेही तसे आश्वासन दिले होते. निवडणुकीनंतर त्याच आघाडीच्या नव्या सरकारने २००५ मध्ये ही सवलत मागे घेतली. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, महायुती सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी मोफत वीज योजना आणली. २०१७ च्या आरंभी कर्जमाफीपेक्षा शेतीतील गुंतवणूक श्रेयस्कर, असे प्रतिपादन करणाऱ्या सरकारने जूनमधील शेतकरी संपानंतर ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली.

जुलै २०२२ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'रेवडी' संस्कृतीवर टीका केली. त्यानंतर वर्षभराच्या आत मध्य प्रदेशातील भाजप सरकारने 'लाडली बहना' योजनेचा पहिला हप्ता दिला आणि कर्नाटकातील नव्या काँग्रेस सरकारने 'गृहलक्ष्मी' योजनेची तयारी केली. शिरपूरहून उत्तरेस काही कोसांवर राज्याची सीमा ओलांडली की सेंधवा लागते. त्यामुळे अलीकडच्या गावांना पलीकडील बहिणींच्या हप्त्याची वार्ता वर्तमानपत्राआधी नातेवाइकांकडून कळली असल्यास नवल नाही. २८ जून २०२४ रोजी महाराष्ट्रात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली : दरमहा १,५०० रुपये आणि वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद. विरोधकांनी तिजोरीवरील भाराचा प्रश्न उपस्थित केला. पण नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्याच विरोधकांच्या आघाडीने महिलांना दरमहा ३,००० रुपये देण्याचे वचन दिले आणि सत्ताधाऱ्यांनी आपली रक्कम २,१०० पर्यंत नेण्याचे. निवडणुकीनंतरच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद झाली.

येथे योजना योग्य की अयोग्य, हा निर्णय द्यावयाचा नाही. ग्रामीण स्त्रीच्या हाती थेट पडणाऱ्या रोख रकमेचे सामाजिक मोल अर्थसंकल्पाच्या तक्त्यात मावत नाही. मुद्दा सुसंगतीचा आहे. १,५०० रुपयांनी तिजोरी बुडते असे मानणाऱ्यास ३,००० रुपयांनी ती कशी तरते हे सांगावे लागेल. आणि कर्नाटकातील २,००० रुपये ज्याला रेवडी वाटते त्याला महाराष्ट्रातील २,१०० रुपयांसाठी दुसरा शब्द शोधण्याचा अधिकार नाही.

शासनाचा आकार

शासनाचा आकार म्हटला की सामान्यतः मंत्र्यांची संख्या डोळ्यांसमोर येते. उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये कल्याणसिंग यांच्या मंत्रिमंडळाने नव्वदी ओलांडली होती. या प्रवृत्तीला २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली. महाराष्ट्रात २८८ सदस्यांच्या हिशेबाने ही संख्या ४३ येते. तेव्हापासून आघाड्यांची सरकारे या मर्यादेच्या अगदी काठापर्यंत जात आली आहेत. २०२२ मध्ये तर एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस या दोघांनीच जवळपास चाळीस दिवस राज्य चालविले. त्या मंत्रिमंडळाला विरोधकांनी लोकशाहीची थट्टा मानले, तर मोठ्या मंत्रिमंडळाला ते जनतेवरील भार मानतात. दोन्ही आक्षेपांत तथ्य असू शकते, पण ते घेणाऱ्याने आपल्या मते योग्य संख्या कोणती हे सांगितले पाहिजे.

वस्तुतः मंत्र्यांवरील खर्च एकूण अर्थसंकल्पात नगण्य असतो. शासनाचा खरा आकार वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन शीर्षांत असतो. त्याचा दुसरा पैलू म्हणजे न भरलेली पदे. राज्य शासनात दोन लाखांहून अधिक मंजूर पदे रिक्त असल्याची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्यस्रोतांद्वारे मनुष्यबळ घेण्यासाठी नऊ संस्थांची निवड करणारा शासननिर्णय निघाला. तीव्र विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करताना उपमुख्यमंत्र्यांनी कंत्राटी भरतीचे मूळ पूर्वीच्या सरकारांत असल्याचे सांगितले. रिक्त पदांमुळे तूट कमी दिसते; परंतु ही काटकसर नव्हे. शाळेतील शिक्षक वा आरोग्य केंद्रातील परिचारिका नसण्याची किंमत तालुका भरतो आणि ती कोणत्याही अर्थसंकल्पात लिहिली जात नाही.

प्राध्यापकवर्गाची फूटपट्टी

राजकीय पक्षांच्या विसंगतीवर बोट ठेवणे सोपे आहे. अधिक कठीण प्रश्न अध्यापकवर्गाचा आहे, कारण अनुदानित महाविद्यालयांचा अध्यापक हा अर्थसंकल्पाचा अभ्यासक असतो, लाभार्थी असतो आणि शिक्षक व पदवीधर मतदारसंघांचा मतदारही असतो. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाकारण्याचा निर्णय काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारच्या काळात झाला. केंद्रात नवी योजना वाजपेयी सरकारच्या काळात आली आणि मनमोहन सिंग सरकारने ती पुढे नेली. २०२२ मध्ये मात्र काँग्रेसने राजस्थान, हिमाचल प्रदेश आदी राज्यांत जुन्या योजनेचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये जुनी योजना राज्याला दिवाळखोरीकडे नेईल असे सांगणाऱ्या नेतृत्वाचा सूर पुढील महिन्यातील शिक्षक व पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुकांच्या तोंडावर मवाळ झाला. मार्च २०२३ मध्ये राज्यव्यापी संप झाला.

जुनी निवृत्तिवेतन योजना ही न्याय्य मागणी असू शकते. वृद्धापकाळाची शाश्वती हा कोणत्याही नोकरदाराचा सार्थ आग्रह आहे. परंतु कर्जमाफीला 'आर्थिक बेशिस्त' म्हणणारा अध्यापक स्वतःच्या थकबाकीला 'हक्क' म्हणतो, तेव्हा त्याने दोहोंतील भेद युक्तिवादाने सिद्ध केला पाहिजे. तो भेद कदाचित आहेही : वेतन हा सेवेचा मोबदला आहे. पण मग तीच सेवा तासिका तत्त्वावर बजावणाऱ्या सहकाऱ्याच्या तुटपुंज्या मानधनाबद्दलही तितकाच संताप दिसावयास हवा. कोणाचा खर्च भार आणि कोणाचा हक्क, हे ठरविताना पक्षाबरोबरच वर्गही काम करीत असतो.

प्रत्येक फरक पूर्वग्रह नव्हे

तथापि या विवेचनाचा अर्थ सर्व सरकारे सारखीच, असा काढणे अयोग्य होईल. तो दुसऱ्या टोकाचा आळस ठरेल. २०२०-२१ मध्ये कोरोनाच्या साथीत वाढलेली तूट आणि भरभराटीच्या वर्षातील तूट यांना एकच गुण देता येत नाहीत. धरणासाठी घेतलेले कर्ज आणि महसुली खर्चासाठी घेतलेले कर्ज यांतही भेद करावा लागतो. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णा खोरे महामंडळाने रोखे काढून उभारलेला पैसा अर्थसंकल्पाबाहेरून आला, पण त्याची हमी राज्याची होती. अशा दायित्वाचा हिशेब न धरता त्या काळातील तूट वाचली तर चित्र अपुरे राहते. समान निकष लावणे म्हणजे समान निकाल देणे नव्हे. निकष आधी ठरवावेत आणि निकाल नंतर लागावा, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, कर्जाची एकूण रक्कम व तिचे राज्य उत्पन्नाशी असलेले प्रमाण ही दोन्ही नेहमी एकत्र सांगितली जावीत. दोन, खर्चाची जबाबदारी निर्णयाच्या तारखेवरून ठरवावी, बिलाच्या तारखेवरून नव्हे. तीन, अर्थसंकल्पाबाहेरील हमी आणि रिक्त पदे यांचाही हिशेब धरावा. चार, टीका करण्यापूर्वी तीच कृती आपल्या पसंतीच्या नेत्याने केली असती तर आपण काय म्हटले असते, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

यांतील शेवटचा निकष वर्गात सहज वापरता येतो. विद्यार्थ्यांपुढे पक्ष, वर्ष आणि नेत्याचे नाव झाकून दोन अर्थसंकल्पांतील महसुली तूट, भांडवली खर्च व व्याजाचे आकडे ठेवावेत, त्यांचे मत लिहून घ्यावे आणि मगच नावे उघड करावीत. बुलक यांच्या प्रयोगातून दिसलेली गोष्ट येथेही अनुभवास येण्याचा संभव आहे : अचूकतेला किंमत आली की पक्षाची पकड सैल होते. शिरपूर तालुक्यातील मतदारांनी एकाच नेतृत्वाला दोन चिन्हांवर निवडून दिले आहे. नेतृत्वाची पारख चिन्हापलीकडे जाऊन करणे त्यांना अशक्य नाही. त्यांच्या मुलामुलींना त्यासाठी लागणारी आकड्यांची भाषा शिकविणे हे महाविद्यालयाचे काम होय. आणि ते करणाऱ्याने आपली फूटपट्टी प्रथम स्वतःच्या वेतनपत्रकाला लावून पाहिली, तर त्याच्या शिकवणीस अधिक वजन येईल.